जपानी युनिव्हर्सिटीत जायचंय? कुठल्या दारातून शिरताय ते आधी बघा

डिसेंबरच्या जेएलपीटीचा (जपानी भाषेची परीक्षा, एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात कठीण) रिझल्ट लागला की मला मेसेज सुरू होतात. "ताई, एन४ झालं, आता जपानला मास्टर्सला जायचंय, काय करू?" पुण्यात तर गल्लीत एक तरी जपानी शिकणारा सापडतोच, त्यामुळे हे दर वर्षीचं झालंय आणि तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकतेय. मी स्वतः तिथल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत इंग्रजी प्रोग्रॅमने मास्टर्स केलंय, नाव सांगणार नाही कारण पुढे थोडी कुरकुर करणारे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. इंग्रजी प्रोग्रॅम म्हणजे इंग्रजी युनिव्हर्सिटी नव्हे. जपानने गेल्या चाळीस वर्षांत परदेशी मुलांसाठी एकेक नवीन दार पाडलं पण आतलं घर बरंचसं जुनंच ठेवलं, त्यामुळे तुम्ही ज्या दारातून आत जाताय ते कधी पाडलं, कशाला पाडलं आणि त्याचा खर्च कोण देतंय हे माहिती असलं की आत गेल्यावर काय चालेल आणि काय अडकेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

पायरी १: थोडा इतिहास (उडी मारून पुढे जाऊ नका)

१९८३ मध्ये नाकासोने पंतप्रधान असताना ठरलं की २००० सालापर्यंत १ लाख परदेशी विद्यार्थी आणायचे. तो आकडा गाठायला २००३ उजाडलं. मग २००८ मध्ये फुकुदांच्या काळात ३ लाखांचं टार्गेट आलं, २०२० पर्यंतचं, ते २०१९ मध्येच पूर्ण झालं पण त्यात एक गंमत होती, लँग्वेज स्कूलची मुलंही त्याच आकड्यात धरलेली. नंतर कोविडमध्ये बॉर्डर बंद, ॲडमिशन झालेली हजारो पोरं घरी बसून रात्री-बेरात्री ऑनलाइन लेक्चर करत होती. आता २०२३ मध्ये किशिदांनी नवा आकडा दिला, २०३३ पर्यंत ४ लाख, आणि शिवाय ५ लाख जपानी मुलं बाहेर पाठवायची.

एवढी घाई कशाला? कारण पोरंच नाहीयेत. १९९२ मध्ये १८ वर्षांची मुलं २० लाखांच्या वर होती, आता ११ लाखांच्या आसपास. युनिव्हर्सिट्या मात्र ८०० च्या घरात, त्यातल्या बहुतेक खाजगी, आणि अर्ध्याहून जास्त खाजगी ठिकाणी सीटच भरत नाहीत. हे आपल्या कामाचं आहे. एखादं कधी नाव न ऐकलेलं कॉलेज एजंटमार्फत फारच प्रेमाने बोलवत असेल तर ते शिकवायला बोलावतंय का सीट भरायला, हे विचारायला लाजू नका.

सरकारी युनिव्हर्सिट्यांचं वेगळंच. २००४ मध्ये त्या सगळ्या स्वतंत्र कॉर्पोरेशन झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं सरकारी ग्रँट हळूहळू आवळत गेली, म्हणजे पगाराला आणि माणसांना कायमचा पैसा कमी आणि ठरावीक वर्षांच्या प्रोजेक्टचा पैसा जास्त. तुम्ही ज्या इंग्रजी प्रोग्रॅमचं पान उघडून बसलाय तो बहुतेक अशाच प्रोजेक्टमधून आलाय. २००९ चा 'ग्लोबल ३०', नाव ३० चं पण निवडल्या १३ च: तोहोकु, त्सुकुबा, टोकियो, नागोया, क्योतो, ओसाका, क्यूशू आणि खाजगीतल्या वासेदा, केइओ, सोफिया, मेइजी, दोशिशा, रित्सुमेइकान. त्यानंतर २०१४ चा 'टॉप ग्लोबल', ३७ युनिव्हर्सिट्या, दहा वर्षं. त्याच सुमाराला सरकार म्हणत होतं की दहा वर्षांत जगातल्या टॉप १०० मध्ये आपल्या १० आणायच्या. प्रोजेक्ट संपला तेव्हा टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक यादीत पहिल्या शंभरात होत्या दोन, टोकियो आणि क्योतो, त्या आधीही होत्याच.

रँकिंगचं सोडा, आपल्याला फरक पडतो तो माणसांचा. माझ्या डिपार्टमेंटला एक को-ऑर्डिनेटर बाई होत्या, इंग्रजी फर्स्ट क्लास, फॉर्म भरून देणार, हॉस्पिटलला सोबत येणार, सगळं. त्या कॉन्ट्रॅक्टवर होत्या आणि पैसा प्रोजेक्टचा. मी दुसऱ्या वर्षाला असताना कॉन्ट्रॅक्ट संपलं, त्या गेल्या, वेबसाइटवर प्रोग्रॅम तसाच चमकत राहिला आणि खिडकीवर उरले ते काका ज्यांना 'स्टुडंट' हा एक शब्द येत होता. वाईट नव्हते बिचारे, हाताने नकाशे काढून द्यायचे. पण माझं फी माफीचं एक कागद त्या गोंधळात लेट झालं आणि सहा महिन्यांची पूर्ण फी भरावी लागली. म्हणून अप्लाय करायच्या आधी सध्या तिथे शिकणाऱ्या मुलांना गाठून एवढंच विचारा: ऑफिसात इंग्रजी बोलणारं कोण आहे, आणि ते माणूस पर्मनंट आहे का?

पायरी २: दार निवडा

माझ्या मते चार दारं आहेत.

पहिलं, जी घरंच नव्याने बांधलीत. बेप्पूची एपीयू म्हणजे रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक, २००० साली निघाली, अर्ध्याच्या आसपास मुलं परदेशी. अकिताची इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी, २००४, सगळे क्लास इंग्रजीत आणि जपानी मुलांनाही एक वर्ष परदेशात जाणं कंपल्सरी. पीएचडीवाल्यांसाठी ओकिनावाची सायन्स-टेक्नॉलॉजीची संस्था ओआयएसटी, तिथे सगळा कारभारच इंग्रजीत. जुन्यात टोकियोची सोफिया आणि आयसीयू म्हणजे इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी. इथे ऑफिसचा त्रास सगळ्यात कमी, पण बेप्पू-अकिता मोठ्या शहरांपासून लांब आहेत हे लक्षात ठेवा, अकिताला बर्फ कमरेपर्यंत येतो.

दुसरं, मोठ्या युनिव्हर्सिटीला जोडलेला इंग्रजी कोर्स. बहुतेकांना हाच हवा असतो. नाव मोठं, इंटेक सप्टेंबर-ऑक्टोबरचा, ॲडमिशन कागदपत्रं आणि इंटरव्ह्यूवर. तुम्ही मात्र घराच्या एका खोलीत, बाकी घर जपानीत. टोकियो युनिव्हर्सिटीने २०१२ च्या सुमाराला अख्ख्या युनिव्हर्सिटीचं वर्षच एप्रिलऐवजी ऑटममध्ये सुरू करायची कल्पना काढली होती पण ती बारगळली, कारण शाळा एप्रिलच्या, कंपन्यांची भरती एप्रिलची, सरकारी परीक्षा त्याच हिशोबाच्या, एकट्याने कॅलेंडर कसं बदलणार. आता तीच युनिव्हर्सिटी २०२७ च्या सप्टेंबरपासून कॉलेज ऑफ डिझाइन नावाचं नवीन पूर्ण इंग्रजी, पाच वर्षांचं कॉलेज काढतेय. बारावीच्या मुलांनी लक्ष ठेवा.

तिसरं, पुढचं मोठं दार, म्हणजे जपानी मुलांबरोबर जपानीत. त्यासाठी ईजेयू, म्हणजे परदेशी मुलांची प्रवेश परीक्षा, वर्षातून दोनदा, जून आणि नोव्हेंबरला. गणित-सायन्सचे पेपर इंग्रजीत देता येतात, जपानी भाषेचा अर्थातच नाही. कठीण आहे, पण या दाराने आत गेलेल्याला नंतर नोकरीला कोणी काही विचारत नाही.

चौथं, लॅबचं दार. आधी केनक्यूसेई म्हणून जायचं, म्हणजे डिग्री नसलेला रिसर्च स्टुडंट, सहा महिने ते वर्षभर, त्या काळात मास्टर्सची एंट्रन्स द्यायची. सेन्सेईंची, म्हणजे प्रोफेसरची, ओळख आधी होते हा फायदा, आणि एंट्रन्स नापास झालात तर हातात काहीच नाही हा तोटा.

ब्रोशर बघून ठरवू नका एवढंच सांगते. जपानी युनिव्हर्सिटीचं माहितीपत्रक वाचून भलं झाल्याचं एकच उदाहरण मला माहितीये, महर्षी कर्वे. टोकियोच्या जपान विमेन्स युनिव्हर्सिटीची पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि १९१६ ला पुण्यात महिला विद्यापीठ निघालं, तेच आजचं एसएनडीटी. आपण काही कर्वे नाही.

आणि फक्त टोकियो-टोकियो करू नका. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला आपण पुणे-ओकायामा गार्डन म्हणतो, त्या ओकायामाची युनिव्हर्सिटीसुद्धा टॉप ग्लोबलच्या ३७ मध्ये होती. अशा मध्यम गावात भाडं कमी, सायकलवर कॉलेज, आणि लोकांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

पायरी ३: तुमची १६ वर्षं मोजा

हे कोणी सांगत नाही आणि मग रडारड होते. जपानमध्ये मास्टर्सला घ्यायचं तर साधारणपणे शिक्षणाची १६ वर्षं पूर्ण लागतात. आपलं बी.ई., बी.टेक. म्हणजे १२ अधिक ४, प्रश्नच नाही. तीन वर्षांचं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. म्हणजे १५. एक वर्ष कमी! तीन वर्षांच्या डिग्रीवर एम.एस्सी., एम.ए. केलेलं असेल तर १७ झाली, चालतं. नव्या धोरणातलं चौथं वर्ष पूर्ण केलं तरी चालतं. नाहीतर युनिव्हर्सिटीला आधी विचारावं लागतं की 'वैयक्तिक पात्रता तपासणी' करता का, काही ठिकाणी होते, काही ठिकाणी थेट नाही म्हणतात, आणि त्याची डेडलाइन मेन अर्जाच्या आधी असते. ती चुकली की वर्ष गेलं.

पायरी ४: सेन्सेईंना मेल

रिसर्चवाल्या मास्टर्सला आणि पीएचडीला आधी प्रोफेसरची संमती लागते, त्याला नाइदाकु म्हणतात, म्हणजे कच्चा होकार. हे मेल कसं लिहायचं यावरच निम्मं काम अवलंबून. एकच मेल पन्नास जणांना टाकायचा नाही, एकाच डिपार्टमेंटमधल्या दोघांना तर अजिबातच नाही, ते शेजारी-शेजारी बसतात आणि चहा पिताना बोलतात. सुरुवात आडनाव आणि पुढे सेन्सेई. 'डिअर सर' नको, 'रिस्पेक्टेड सर' तर नकोच, आणि प्रोफेसर बाई असतील तर अजूनच पंचाईत. मग तीन-चार ओळीत तुम्ही कोण, त्यांचा कुठला पेपर वाचला आणि त्यातलं नेमकं काय तुम्हाला पुढे न्यायचंय, कुठल्या इंटेकला येणार, पैशाची सोय काय. सोबत सीव्ही, मार्कशीट, दोन पानांचा रिसर्च प्लॅन. बस्स.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. आणि "थोडं कठीण वाटतंय" असं आलं तर त्याचा अर्थ नाही असा आहे. मी पहिल्यांदा हे कळलं नाही म्हणून उलट मेल केला की कठीण असलं तरी मी मेहनत घेईन 😅

पायरी ५: पैसे

सरकारी युनिव्हर्सिटीची स्टँडर्ड फी वर्षाला ५,३५,८०० येन, शिवाय पहिल्यांदा एकदाच प्रवेश फी २,८२,०००. येन म्हणजे पंचावन्न-साठ पैसे धरा, तर वार्षिक फी तीन लाख रुपयांच्या आसपास. अमेरिका-इंग्लंडच्या मानाने काहीच नाही, म्हणून तर आपण सगळे इकडे वळतो. पण हे बदलतंय. टोकियो युनिव्हर्सिटीने ६,४२,९६० केली, २०२५ पासून बॅचलरच्या नव्या मुलांना आणि २०२९ पासून मास्टर्सला, जपानी असो की परदेशी. आणि २०२४ पासून सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवरची वरची मर्यादाच काढून टाकली, तोहोकुने २०२७ पासून परदेशी विद्यार्थ्यांना ९ लाख येन जाहीर केलेत. म्हणजे सेन्दाईची ही तीच तोहोकु जी २०२४ मध्ये युनिव्हर्सिट्यांच्या रिसर्चसाठी काढलेल्या सरकारच्या १० ट्रिलियन येनच्या मोठ्या फंडातून निवडलेली पहिली युनिव्हर्सिटी ठरली. तेव्हा जुन्या व्हिडिओतले आकडे धरून घरच्यांना सांगू नका, त्या त्या वर्षाचं फीचं पान उघडून बघा.

स्कॉलरशिपमध्ये मोठी म्हणजे मेक्स्ट, जपानच्या शिक्षण मंत्रालयाची, १९५४ पासून चालू आहे, फी माफ, विमानाचं तिकीट, आणि मास्टर्सला महिना १,४४,००० येन, परत फेडायचं काही नाही. दोन रस्ते आहेत. एम्बसीचा रस्ता, अर्ज साधारण एप्रिल-मे मध्ये निघतात, लेखी परीक्षा, इंटरव्ह्यू, आणि प्रत्यक्ष जाणं पुढच्या वर्षी. दुसरा युनिव्हर्सिटीचा रस्ता, सेन्सेई नाव पुढे करतात. दोन्हीत रिसर्च प्लॅनवर सगळं आहे. आपल्याकडून जाणाऱ्यांची संख्या चीन, नेपाळ, व्हिएतनामच्या मानाने चिमूटभर आहे त्यामुळे नुसतं घाबरून अर्ज न करणं हा मूर्खपणा.

मेक्स्ट नाही मिळाली तर तिथे गेल्यावर जासो या सरकारी विद्यार्थी-मदत संस्थेचे महिना ४८,००० येन आहेत, फी माफी आहे (अर्धी किंवा पूर्ण, दर सेमिस्टरला नवा अर्ज, फॉर्म जपानीत), खाजगी ट्रस्टच्या आहेत. पीएचडीवाल्यांनो, 'स्प्रिंग' या पीएचडीच्या मुलांना पैसे देणाऱ्या सरकारी योजनेच्या भरवशावर राहू नका, त्यातला राहण्या-खाण्याचा पैसा २०२७ पासून फक्त जपानी नागरिकांना द्यायचा असं २०२५ मध्ये ठरलंय. एका हाताने ४ लाख मुलं बोलवायची आणि दुसऱ्या हाताने हे, मला तर संगती लागत नाही, पण आपण पाहुणे.

पार्टटाइम म्हणाल तर आठवड्याला २८ तास, लांब सुट्टीत दिवसाला ८ तास. त्यासाठी वेगळी परवानगी लागते, ती एअरपोर्टवर उतरल्यावरच मागून घ्या, तिथे फॉर्म असतो. फी पार्टटाइमवर निघेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, खाणं-पिणं आणि थोडं भाडं निघतं. २८ च्या वर गेलात तर व्हिसा रिन्यूला नक्की पकडतात.

पायरी ६: कागद

ॲडमिशन झालं की युनिव्हर्सिटी तिकडच्या इमिग्रेशनकडे सीओईचा, म्हणजे व्हिसाच्या आधी लागणाऱ्या पात्रतेच्या दाखल्याचा, अर्ज करते. त्याला एक ते तीन महिने लागतात, बँकेत पैसे दाखवावे लागतात आणि ते अचानक आलेले दिसले तर प्रश्न विचारतात. सीओई आलं की मग व्हिसा, हा भाग सोपा आहे. पासपोर्टवरचं नाव, मार्कशीटवरचं नाव, दोन्हीची स्पेलिंग एक आहे का बघा. वडिलांचं नाव मधे आहे की नाही यावरून आपली मराठी माणसं जगभर अडकतात, इथेही अडकतात.

पायरी ७: पहिले १४ दिवस

एअरपोर्टवर रेसिडेन्स कार्ड मिळतं. घर ठरलं की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, तिथेच नॅशनल हेल्थ इन्शुरन्स करायचा, मग डॉक्टरकडे बिलाचा ३० टक्केच भरावा लागतो. त्याच फेरीत पेन्शनच्या खिडकीवर जा. वय २० च्या वर असेल तर पेन्शन तुम्हालाही लागू, पण विद्यार्थ्यांना ती पुढे ढकलायची सवलत आहे, ती मागितली तरच मिळते, नाही मागितली तर घरी बिलं येत राहतात.

मग सुरू होतो फोन आणि बँकेचा झिम्मा. बँक म्हणते फोन नंबर द्या, फोनवाले म्हणतात बँक अकाउंट द्या, आणि बऱ्याच बँका सहा महिने झाले नसतील तर नाहीच म्हणतात. पोस्टाच्या बँकेत, यूचोमध्ये, त्यातल्या त्यात सोपं जातं. सोबत टूटरला घेऊन जा. टूटर म्हणजे युनिव्हर्सिटीने नव्या परदेशी मुलाला जोडून दिलेला सिनियर, त्याला त्याचे पैसे मिळतात, त्यामुळे संकोच करू नका. पहिलं वर्ष डॉर्म मिळत असेल तर डोळे मिटून घ्या, बाहेर घर म्हणजे डिपॉझिट, वर मालकाला 'की मनी' जो कधी परत मिळत नाही, आणि गॅरंटर.

तूरडाळ, हिंग, पोहे टोकियोत निशि-कासाई किंवा शिन-ओकुबोला मिळतं, बाहेरगावी ऑनलाइन मागवा. कुकर घरून न्या, डॉर्ममध्ये शिट्टी वाजली की एकदा तरी कोणीतरी दार वाजवणार, त्याची तयारी ठेवा.

पायरी ८: लॅबमध्ये

लॅब म्हणजे तुमचं खरं कॉलेज. मास्टर्सला क्रेडिट ३० च लागतात, बाकी दोन वर्षं म्हणजे लॅब. प्रत्येकाचं टेबल, पाटीवर नाव, आणि नावापुढे बी४, एम१, डी२ असा वर्ग (बॅचलर, मास्टर्स, डॉक्टरेट आणि वर्ष). आठवड्याला झेमी, म्हणजे ग्रुपची मीटिंग. तुमच्यासाठी स्लाइड इंग्रजीत होतील, सगळे प्रयत्न करतील, पण खरी चर्चा सुरू झाली की पाचव्या मिनिटाला गाडी जपानीवर येते आणि तुम्ही हसऱ्या चेहऱ्याने बसून राहता. माझं पहिलं सेमिस्टर असंच गेलं. मग मी एक केलं, झेमीनंतर शेजारच्या एम२ ला दर वेळी एकच प्रश्न विचारायचा, "मघाशी सगळे कशावर थांबले होते?" त्यानेच माझं जपानी सुधारलं, क्लासने नाही.

कचरा, चहाची भांडी, साफसफाई याची पाळी असते, ती चुकवू नका. कुठे बाहेरगावी गेलात तर येताना सगळ्यांना पुरेल एवढा खाऊ आणायचा, एकेक पाकीट सुटं असलेला. मी घरून भाकरवडी नेली होती, एक डबा पंधरा मिनिटांत संपला आणि त्यानंतर ज्या सेन्सेईंनी सहा महिने माझ्याशी हवामानाशिवाय काही बोललं नव्हतं ते रेसिपी विचारायला आले.

पायरी ९: नोकरी, पहिल्याच वर्षी

मास्टर्स दोन वर्षांचं, आणि शूकात्सु म्हणजे नोकरीची शोधाशोध पहिल्याच वर्षी. उन्हाळ्यात इंटर्नशिप, १ मार्चला कंपन्यांची माहिती अधिकृतपणे खुली, १ जूनपासून निवड, निदान कागदावर, प्रत्यक्षात बरंच आधी. ऑक्टोबरला आलेल्यांचं गणित इथे चुकतं, डिग्री सप्टेंबरला, जॉइनिंग पुढच्या एप्रिलला. ऑटम जॉइनिंग देणाऱ्या कंपन्या आहेत, वेगळ्या शोधाव्या लागतात. आयटी आणि थोड्या रिसर्चच्या जागा सोडल्या तर एन२ नसेल तर पहिल्या फेरीतच बाहेर, मग भले तुमचा प्रोग्रॅम शंभर टक्के इंग्रजी असो. म्हणून एन४ वरून थेट निघणाऱ्यांना मी सांगते की जमलं तर एन३ इथेच करून जा, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये करा, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात करा, कुठेही करा.

डिग्री हातात आली आणि नोकरी नाही लागली तरी लगेच परत यावं लागत नाही. सहा महिन्यांचा वेगळा व्हिसा मिळतो शोधण्यासाठी, एकदा वाढवूनही मिळतो, म्हणजे एकूण वर्षभर. फक्त त्याला युनिव्हर्सिटीचं शिफारसपत्र लागतं आणि ते मिळतं करिअर सेंटरच्या खिडकीवर, तुम्ही तिथे आधीपासून नोकरी शोधत होता याचा पुरावा दाखवल्यावर. तेव्हा अर्जांचे मेल, इंटरव्ह्यूच्या तारखा सगळं एका फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि कॉन्व्होकेशनच्या आधी दोन महिने त्या खिडकीवर जाऊन या. फॉर्म जपानीतच असणारे.